कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम: असिस्टंट कोच शोधायला गेलात तर

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण आधीच सांगतो की जा, नक्की जा, हे अमेरिकन फुटबॉलचं म्युझियम, पण त्या खेळातलं ओ की ठो कळत नसेल तरी जा. फक्त हे वाचून जा, कारण तिथे जे सगळ्यात भारी आहे ते कोणी तुम्हाला बोट दाखवून सांगत नाही, आपलं आपणच शोधावं लागतं.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, ताई आणि भाचा. भाचा इथेच अमेरिकेत वाढलेला, हायस्कूलला डिफेन्समध्ये, म्हणजे बचावाच्या फळीत, लाइनबॅकर खेळायचा, कॉलेजात टीममध्ये जागा मिळाली नाही म्हणून टीमच्या व्हिडिओ रूममध्ये काम करतो आणि आता डिग्री झाली की त्याला कोचिंगमध्ये शिरायचंय. हेड कोच वगैरे नंतर, आधी असिस्टंट. ताईला हे काही केल्या पचत नाहीये, कॉम्प्युटर सायन्स शिकून पोरगं मैदानावर शिट्ट्या मारत फिरणार म्हणजे काय, त्यात स्कोप काय, पगार काय, पेन्शन आहे का, सगळे प्रश्न गाडीतच सुरू झाले होते. मी म्हटलं चला, जिथे या खेळातली सगळी मोठी माणसं एका छपराखाली आहेत तिथेच जाऊन बघू, त्यातली किती जण असिस्टंट होती आणि त्यांचं पुढे काय झालं. तर हा रिव्ह्यू त्या नजरेने आहे, नुसती हेल्मेटं आणि जर्सी बघायच्या असतील तर तुम्हाला दुसरे शंभर रिव्ह्यू सापडतील.

आधी जागेचं उरकून घेतो. कॅन्टन हे ओहायोतलं गाव, क्लीव्हलँडहून आय-७७ ने दक्षिणेला निघालं की साधारण तासाभरात येतं, आणि फुटबॉलच्या टोकाच्या आकाराचा घुमट हायवेवरूनच दिसतो त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. कॅन्टनच का, तर १७ सप्टेंबर १९२० ला इथल्या राल्फ हे नावाच्या माणसाच्या मोटारींच्या शोरूममध्ये बसून टीमवाल्यांनी लीग काढली, तीच पुढे एनएफएल, म्हणजे इथली सगळ्यात मोठी प्रो लीग, झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून लोक गाड्यांच्या पायऱ्यांवर बसले होते असं सांगतात. हॉल उघडला १९६३ मध्ये. आत शिरलं की जिम थॉर्पचा ब्राँझचा पुतळा, तिथे सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा आणि पुढे चला. तिकीट स्वस्त नाहीये, पार्किंगचे पैसे वेगळे, ऑनलाइन काढून गेलात तर दारात वेळ जात नाही. जिने चढवत नसतील तर लिफ्ट आहे. आत बसायला जागा बऱ्यापैकी आहेत, ताईच्या गुडघ्यांची काही तक्रार आली नाही, आणि हे आमच्याकडे सर्टिफिकेटच समजा.

आता मुख्य जागा म्हणजे ब्राँझच्या अर्धपुतळ्यांची गॅलरी. मंद उजेड, भिंतभर कप्पे, वर्षाप्रमाणे लावलेले चेहरे. बहुतेक लोक इथे आपल्या टीमचा खेळाडू शोधतात, सेल्फी घेतात, दहा मिनिटांत बाहेर. तुम्ही तसं करू नका. १९६७ च्या रांगेपाशी जा आणि पॉल ब्राउन शोधा.

हा माणूस वाढला मॅसिलनला, म्हणजे हॉलपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. तिथल्याच हायस्कूलचा कोच झाला, मग ओहायो स्टेट, मग १९४६ पासून क्लीव्हलँड ब्राउन्स, टीमचं नावच त्याच्यावरून पडलं. त्याच्या आधी असिस्टंट कोच म्हणजे बहुतेक ठिकाणी सीझनपुरता येणारा माणूस, सीझन संपला की तो आपल्या दुसऱ्या कामधंद्याला मोकळा. ब्राउनने असिस्टंट वर्षभराच्या पगारावर ठेवले, खेळाडूंना शाळेतल्या पोरांना बसवतात तसं बाकावर बसवून वहीत प्ले, म्हणजे आखलेल्या चाली, उतरवून घ्यायला लावले, मॅचची फिल्म लावून प्रत्येकाला प्रत्येक प्लेचे मार्क द्यायची पद्धत पाडली. थोडक्यात भाच्याला जी नोकरी हवीय ती आजच्या रूपात ज्याने रूढ केली तो माणूस इथला लोकल. हे मला आधी माहीत होतं, पण ताईला हे तिथे उभं राहून सांगताना जाम मजा आली कारण ती पहिल्यांदाच गप्प झाली. दोन मिनिटं.

आणि याच ब्राउनच्या हाताखाली एका असिस्टंटचं काय झालं तेही ऐका, कारण या धंद्याची दुसरी बाजू तिथेच दिसते. बिल वॉल्श १९६८ पासून आठ सीझन ब्राउनच्या पुढच्या टीममध्ये, सिनसिनाटी बेंगल्सला, त्याच्याकडे असिस्टंट होता, पासिंगचा सगळा खेळ तोच बसवायचा, सगळ्यांना वाटत होतं की म्हाताऱ्यानंतर हाच. ब्राउनने १९७६ च्या सुरुवातीला कोचिंग सोडलं आणि खुर्ची दिली दुसऱ्याच असिस्टंटला, बिल जॉन्सनला. वॉल्श निघाला, एक वर्ष सॅन डिएगो, दोन वर्षं स्टॅनफर्ड, आणि १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा हेड कोच. पुढे तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, जिंकले, त्यातले दोन याच बेंगल्सला हरवून. त्याचा पुतळा १९९३ च्या रांगेत आहे. ताई म्हणाली, "बघ, नशिबात असेल तर होतं." भाचा म्हणाला, "आई, आठ वर्षं एकाच ठिकाणी राहिला हेच नशीब."

खरंय ते. पुढे बघा म्हणजे कळेल.

२०१० ची रांग. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे होतो. जेरी राइस आणि एमिट स्मिथ याच वर्षीचे, त्यामुळे गर्दी असते, लोक त्या दोघांशी फोटो काढतात आणि त्याच रांगेतल्या दोन चेहऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक डिक लेबो, एक रस ग्रिम. दोघंही खेळाडू म्हणून निवडले गेलेत. आणि दोघांचंही अर्धंअधिक आयुष्य असिस्टंट कोच म्हणून गेलंय.

लेबो ओहायोचाच, लंडन नावाच्या छोट्या गावातला. १९५९ मध्ये क्लीव्हलँडने ड्राफ्टमध्ये निवडला आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच काढून टाकला, मग डेट्रॉइटला चौदा सीझन खेळला, ६२ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे मधेच पकडलेले पास. १९७२ ला खेळ थांबवला आणि १९७३ ला फिलाडेल्फियात स्पेशल टीम्सचा, म्हणजे किकच्या वेळच्या खेळाडूंचा, कोच. तिथून ग्रीन बे, तिथून १९८० ला सिनसिनाटी, तिथे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे अख्खा डिफेन्स सांभाळणारा असिस्टंट, झाला १९८४ मध्ये. म्हणजे वॉल्शने बेंगल्सला जे दोन सुपर बोल हरवले त्या दोन्ही वेळेला लेबो समोरच्या साइडलाइनवर होता. दुसऱ्या वेळी तर मॅच हातात होती, शेवटच्या काही मिनिटांत सॅन फ्रान्सिस्कोच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या मोंटानाने, ९२ यार्डांची सलग चढाई करून नेली, २०-१६. वॉल्शच्या पटपट छोट्या पासेसना उत्तर शोधता शोधता लेबोने जे पक्कं केलं त्याला झोन ब्लिट्झ म्हणतात. भाच्याने मला ते खाली कॅफेत टिश्यू पेपरवर काढून दाखवलं: लाइनवर उभा असलेला धिप्पाड गडी, जो क्वार्टरबॅकवर धावून जाणार अशी सगळ्यांची खात्री, तो दोन पावलं पुढे येतो आणि मागे सरकून नेमका जिथे छोटा पास पडणार तिथे जाऊन उभा राहतो, आणि धावून कोण जातं तर भलत्याच कोपऱ्यातून कॉर्नरबॅक, जो एरवी कडेला पास झेलणाऱ्यांवर नजर ठेवतो. क्वार्टरबॅकला वाटतं माणूस मोकळा आहे. तो मोकळा नसतो. टिश्यूवर बाण इतके झाले की शेवटी फाटला तो, पण मला पहिल्यांदा कळलं की हे लोक आठवडाभर ऑफिसात बसून करतात काय.

बरं एवढं डोकं असलेला माणूस, तर हेड कोच कधी झाला? त्रेसष्टाव्या वर्षी, २००० मध्ये, सिनसिनाटीलाच, तेही आधीच्याने सीझनच्या मध्येच राजीनामा दिला म्हणून. रेकॉर्ड १२ विजय, ३३ पराभव. काढला. आणि दुसरा कोणी असता तर घरी बसला असता, हा पुढच्या वर्षी बफेलोला परत असिस्टंट, २००४ मध्ये पिट्सबर्गला परत कोऑर्डिनेटर, आणि तिथे सुपर बोल जिंकल्याच्या दोन अंगठ्या. २०१७ पर्यंत काम करत होता, वय ८०. खेळाडू आणि कोच मिळून लीगमध्ये सलग ५९ सीझन! त्याचे पिट्सबर्गचे खेळाडू २००७ मध्ये त्याच्या जुन्या डेट्रॉइटच्या ४४ नंबरच्या जर्सी विकत घेऊन घालून आले होते, ह्याला हॉलमध्ये घ्या म्हणून. आणि २०१० ला त्याचा सत्कार झाला तेव्हा अख्खी टीम ट्रेनिंग कॅम्प सोडून कॅन्टनला हजर.

ग्रिमचंही तसंच, वॉशिंग्टनला गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकला आडोसा देणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला खेळाडू, म्हणून तीन सुपर बोल जिंकला आणि मग वीसहून जास्त वर्षं ऑफेन्सिव्ह लाइन आणि तिच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या टाइट एंडचा कोच. पिट्सबर्गला लेबोबरोबर एकाच स्टाफमध्ये होता, २००५ च्या सीझनची अंगठी दोघांची सेम. २००७ मध्ये तिथली हेड कोचची जागा रिकामी झाली, ग्रिम शेवटच्या काही नावांत होता, जागा गेली माइक टॉमलिनला. ग्रिम ॲरिझोनाला गेला, लेबो टॉमलिनकडे राहिला, आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी २००९ मध्ये, सुपर बोलमध्ये दोघं समोरासमोर. हाफटाइमच्या अगदी तोंडावर पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनने गोललाइनपाशी समोरच्यांचा पास पकडून १०० यार्ड पळत नेला तो प्ले आठवतो का, त्याने धावून जायचं होतं, तो गेल्यासारखं करून आपल्याच मनाने मागे थांबला. लेबोच्या डिफेन्समध्ये अनेक वर्षं मुरलेल्या माणसालाच ते सुचणार. पिट्सबर्ग २७-२३ ने जिंकलं.

हे सगळं त्या दोन पुतळ्यांच्या मागे आहे आणि तिथे त्यातलं जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. नाव, वर्ष, संपलं. बाजूला टचस्क्रीन आहेत त्यावर शोधलं तर माहिती येते, पण शोधायचं काय हे आधी माहीत पाहिजे ना. कापलेल्या स्टारचा अर्धा भाग हा.

उरलेला अर्धा यापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी. नुसतं असिस्टंट कोच म्हणून आयुष्य काढलेल्या एकाही माणसाचा पुतळा त्या गॅलरीत नाही. पुतळा हवा तर आधी खेळाडू म्हणून मोठे व्हा, नाहीतर हेड कोच व्हा. २०२२ पासून हॉलने अवॉर्ड ऑफ एक्सलन्स म्हणून वेगळा सन्मान सुरू केलाय, असिस्टंट कोच, ट्रेनर, इक्विपमेंट मॅनेजर, व्हिडिओवाले, पीआरवाले यांच्यासाठी, चांगली गोष्ट आहे, पण तो हॉलचा मेंबर होणं नव्हे. पहिल्या वर्षीच्या असिस्टंट कोचेसची नावं बघा: ॲलेक्स गिब्स, जिमी रे, टेरी रोबिस्की, फ्रिट्झ शरमर, अर्नी झॅम्पीझ. यातला जिमी रे सात वेगवेगळ्या टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, सात, आणि हेड कोच एकदाही नाही. रोबिस्की दोनदा हंगामी हेड कोच झाला, कोणाला तरी काढलं म्हणून उरलेल्या मॅच निभावायला, एकदा तीन मॅच एकदा पाच. शरमरची गोष्ट ऐकून ताई हळहळली, ग्रीन बेला सुपर बोल जिंकून दिला, १९९९ मध्ये सिॲटलची नोकरी घेतली आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच कॅन्सरने गेला.

आता ताईचे प्रश्न, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात असा एखादा भाचा असणारच.

सुरुवात कुठून होते? साधारण कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, मास्टर्स करता करता, फी भरली जाते, वर थोडे पैसे, काम मात्र पूर्णवेळाच्या वरचं. तिथून नशीब असेल तर एनएफएलमध्ये क्वालिटी कंट्रोल कोच. मैदानावरच्या शिट्ट्या राहिल्या बाजूला, हा माणूस दिवसरात्र स्क्रीनसमोर असतो: समोरच्या टीमच्या गेल्या काही मॅचेस घ्यायच्या, प्रत्येक प्ले तोडायचा, कितवा डाउन (चारपैकी कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, कोण कुठे उभं होतं, पुढे काय केलं, सगळं तक्त्यात भरायचं, आणि मग प्रॅक्टिसला आपल्याच राखीव खेळाडूंनी समोरच्या टीमची नक्कल करावी म्हणून प्रत्येक प्लेचं कार्ड जाड मार्करने हाताने काढायचं. लांबून दिसलं पाहिजे म्हणून जाड मार्कर. भाच्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर काळे डाग कायमचे आहेत, ताईला इतके दिवस वाटत होतं पोरगं हात धूत नाही. यातून वर पोझिशन कोच, म्हणजे फक्त रिसीव्हर (पास झेलणारे) किंवा फक्त लाइनबॅकर सांभाळायचे, मग कोऑर्डिनेटर, अख्खा ऑफेन्स किंवा अख्खा डिफेन्स, आणि मग जगात फक्त ३२ खुर्च्या आहेत त्यातली एखादी. कधी कधी पायऱ्या गाळतात लोक, अँडी रीड कोऑर्डिनेटर न होताच १९९९ मध्ये क्वार्टरबॅक कोचवरून थेट हेड कोच झाला, पण असे मोजकेच.

पगार? वर गेलं की चिक्कार, खाली विचारू नका. इथे मी ताईला बिल बेलिचिकची गोष्ट सांगितली. १९७५ मध्ये बॉल्टिमोर कोल्ट्सला कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा, फिल्म तोडायचं काम, आठवड्याला २५ डॉलर. पंधरा वर्षांनी तो न्यूयॉर्क जायंट्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता आणि जानेवारी १९९१ च्या सुपर बोलसाठी त्याने जो प्लॅन लिहिला तो आज या हॉलच्या संग्रहात आहे. समोर बफेलो, ज्यांनी आधीच्या मॅचमध्ये रेडर्सना ५१-३ धुतलं होतं. बेलिचिकने आपल्या पोरांना सांगितलं की त्यांच्या थर्मन थॉमसला बॉल घेऊन पळू द्या, शंभर यार्ड पळू द्या, पण पास झेलणाऱ्यांना मार द्या. पहिलवानी डिफेन्सच्या लोकांना हे ऐकूनच राग आला होता. थॉमस पळाला १३५ यार्ड, आणि जायंट्स २०-१९ ने जिंकले, बफेलोची शेवटची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर. मला विचाराल तर अख्ख्या बिल्डिंगमध्ये असिस्टंट कोच म्हणून केलेल्या कामाचा याच्याइतका थेट पुरावा दुसरा नाही, हेड कोच पार्सेल्स होता, कागद बेलिचिकचा. मांडणी अधूनमधून बदलत असते, त्यामुळे तो कधी बाहेर ठेवलाय ते जायच्या आधी फोन करून विचारा. लगेच दुसऱ्या महिन्यात आमच्या क्लीव्हलँडने त्याला हेड कोच केलं, पाच सीझन ठेवलं, ३६ विजय, ४४ पराभव, काढलं, आणि तो परत पार्सेल्सकडे असिस्टंट. नंतर न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल. क्लीव्हलँडच्या लोकांसमोर हा विषय काढू नका.

पेन्शन? हा प्रश्न ताईने विचारला तेव्हा भाचा हसला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. खेळाडूंची युनियन आहे, कोचेसची संघटना आहे पण युनियन नाही. २००९ मध्ये मालकांनी ठरवलं की कोचेसची पेन्शन योजना चालवायची की नाही ते प्रत्येक टीमने आपलं बघावं. त्या वर्षी इंडियानापोलिसचे टॉम मूर आणि हॉवर्ड मड, म्हणजे पेटन मॅनिंगचा ऑफेन्स उभा करणारी दोन म्हातारी माणसं, आपली पेन्शन वाचवायला रिटायर झाले आणि सल्लागार म्हणून परत आले. हाच टॉम मूर पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपा बेच्या स्टाफवर ८२ व्या वर्षी सुपर बोल जिंकला. त्याच स्टाफवर लोरी लोकस्ट आणि माराल जावदीफार होत्या, सुपर बोल जिंकलेल्या पहिल्या महिला कोच. ताईला हे आवडलं.

आणि नोकरीची शाश्वती, तर मंत्री पडला की त्याचे पीए-ओएसडी सगळे बॅगा भरतात तशातली गत. सीझन संपल्यावरच्या सोमवारी हेड कोचना काढतात, आणि एक हेड कोच गेला की वीसेक असिस्टंटची घरं हलतात, त्यांनी काम चांगलं केलं होतं की वाईट हा प्रश्नच येत नाही. मग जानेवारीअखेर अलाबामातल्या मोबीलला सीनियर बोल या कॉलेजच्या खेळाडूंच्या मॅचच्या आठवड्यात हॉटेलच्या लॉबीत हे लोक ओळखी काढत फिरतात. उलट तुमचं काँट्रॅक्ट चालू असेल आणि दुसऱ्या टीमने त्याच लेव्हलच्या कामाला बोलावलं तर तुमची टीम नाही म्हणू शकते. व्हिक फँजिओचं बघा: पेनसिल्व्हेनियातल्या डनमोरचा, गावातल्याच हायस्कूलवर सुरुवात, मग न्यू ऑर्लिन्स, कॅरोलायना, इंडियानापोलिस, ह्यूस्टन, बॉल्टिमोर, स्टॅनफर्ड, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, आणि साठाव्या वर्षी डेनव्हरला पहिल्यांदा हेड कोच, तीन वर्षांत काढला. मग मायामी, मग फिलाडेल्फिया, जी त्याची लहानपणापासूनची टीम. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्याने एकदाही ब्लिट्झ, म्हणजे धावून जायला जादा माणसं, न पाठवता कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला, सहा वेळा पाडलं, ४०-२२. विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात ते हेच.

ताईने मग विचारलं, आपला कोणी आहे का यात? आहे. संजय लाल, भारतीय वंशाचा, जन्म इंग्लंडमधल्या लंडनचा, वाढला कॅलिफोर्नियात. शाळेतल्या पोरांना शिकवण्यापासून सुरुवात केली, २००७ मध्ये ओकलंड रेडर्सला क्वालिटी कंट्रोल, दोन वर्षांनी रिसीव्हर्सचा कोच. मग जेट्स, बिल्स, कोल्ट्स, काउबॉइज, सीहॉक्स, जॅग्वार्स, परत सीहॉक्स. ताई बोटांवर मोजत होती. "एवढ्या गावांत बायकोने संसार कसा मांडला असेल रे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगू, हॉलमध्येही त्याचं उत्तर कुठे नाही. अंगठ्या आहेत, जॅकेटं आहेत, कोचेसच्या बायकापोरांनी केलेली पॅकिंगची खोकी कुठे दिसत नाहीत. एक भिंत त्याची करा की.

काळ्या कोचेसबद्दलही थोडं जास्त हवं होतं. २००३ मध्ये रूनी रूल आला, हेड कोचच्या जागेसाठी तेव्हा निदान एक तरी अल्पसंख्याक उमेदवार इंटरव्ह्यूला बोलवायचाच, पण एरिक बिएनमी कॅन्सस सिटीचा कोऑर्डिनेटर म्हणून दोन सुपर बोल जिंकून, इंटरव्ह्यूवर इंटरव्ह्यू देऊन हेड कोच न होताच तिथून बाहेर पडला. इंटरव्ह्यू झाला म्हणजे नियम पाळला गेला, एवढंच.

बाकी इतर गोष्टी. पोरांसाठी खेळायचं बरंच काही आहे, किकबिक मारता येते. सुपर बोलच्या दालनात अंगठ्या बघण्यासारख्या आहेत, जुन्या किती बारीक आणि नव्या किती अवाढव्य. बडी रायनबद्दल कोणी फॅन भेटला तर विचारा, जानेवारी १९८६ मध्ये शिकागोच्या खेळाडूंनी हेड कोचबरोबर या डिफेन्सच्या असिस्टंटलाही खांद्यावर घेतलं होतं, आणि आठ वर्षांनी ह्यूस्टनला याच बाबाने टीव्हीवर चालू मॅचमध्ये स्वतःच्याच टीमच्या ऑफेन्सच्या कोऑर्डिनेटरला ठोसा मारला. त्यानंतर बडीला दुसऱ्या टीमने हेड कोच केलं. काय बोलणार.

जेवण आम्ही बाहेर एका ठिकाणी केलं, नाव घेत नाही, व्हेज बर्गर मागितल्यावर पावात लेट्युस आणि टोमॅटो घालून दिला आणि पैसे पूर्ण लावले. डबा न्या.

वेळ हाताशी ठेवून जा, गॅलरीतच दोन तास सहज जातात. ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या लोकांचा सत्कार आणि हॉल ऑफ फेम गेम असतो, तेव्हा माहोल जबरदस्त पण पुतळ्यांसमोर निवांत उभं राहायला मिळणार नाही, आमच्यासारखं बघायचं असेल तर हिवाळ्यातला मधला वार धरा. भाच्यासारखं कोणी बरोबर असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी जा आणि मॅसिलन विरुद्ध कॅन्टन मॅकिन्ली ही हायस्कूलची मॅच गाठा, १८९४ पासून चालू आहे, मॅसिलनच्या स्टेडियमला पॉल ब्राउनचंच नाव आहे, आणि साइडलाइनवर कार्डांचे गठ्ठे घेऊन पळणारी पोरं भरपूर दिसतील. तिकिटं मात्र आधी काढा, त्या दिवशी दोन्ही गावं रस्त्यावर असतात.